नाव सोनूबाई, हाती काय?

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघातिघांनी फोन करून प्रकृतीची चौकशी केली. नाशिकच्या वन्संनी तर सरळच विचारलं, “गुडघा परत दुखतोय का गं?” गुडघा उत्तम आहे. मी खेळत होते. होय, व्हिडिओ गेम. आधी पोटभर हसून घ्या, मग पुढे वाचा.

तर झालं असं. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना घराबाहेर पडायची सोय उरली नाही. शब्दकोडं मी रोज सोडवते, पण ते सकाळच्या चहाबरोबर संपतं. (इतक्या वर्षांच्या सरावाने ‘शंकराचे एक नाव, तीन अक्षरी’ वगैरे उत्तरं हातालाच पाठ झालेली असतात. डोक्याचा संबंध येत नाही.) मग उरलेला दिवस काय करायचं? पुण्याहून धाकटा नातू आला होता. तिसऱ्या वर्षाला आहे इंजिनिअरिंगच्या. त्याने आपला जुना लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “आजी, तुला कोडी आवडतात ना? ही जगातली सगळ्यात भारी कोडी आहेत.”

‘भारी’ हे कोण म्हणतं, असं विचारल्यावर त्याने यादीच वाचली. अमुक बक्षीस, तमुक पारितोषिक, समीक्षकांचे शंभरपैकी त्र्याण्णव गुण. आता मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. भाषेच्या पेपरात शंभरपैकी नव्वद मी जन्मात कुणाला दिले नाहीत. त्यामुळे त्र्याण्णव म्हटल्यावर माझ्यातली परीक्षक जागी झाली. म्हटलं, बघू तर खरं, नाव सोनूबाई आहे तर हाती सोनं आहे की कथलाचा वाळा.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही (मलाही नव्हतं) त्यांच्यासाठी सांगते. सिनेमात जसे मोठ्या बॅनरचे सिनेमे आणि चार मित्रांनी पदरचे पैसे घालून केलेले सिनेमे असतात, तसंच या खेळांचं आहे. दुसऱ्या प्रकाराला ‘इंडी’ म्हणतात. एकटा माणूस किंवा छोटा चमू वर्षानुवर्षं खपून एक खेळ करतो. यातले काही कोड्यांचे खेळ गेल्या पंधरा-सतरा वर्षांत फार गाजले. नातवाने चार दिले. चारही मी जमेल तितके खेळले आणि आज त्यांचे पेपर तपासून देते आहे.

पहिला ‘मॉन्युमेंट व्हॅली’. लंडनच्या ‘असटू’ कंपनीचा, २०१४ सालचा. हा टॅबवर बोटाने खेळायचा. एक चिमुकली राजकन्या आहे, इडा नावाची. तिला अशक्य इमारतींमधून वाट काढून द्यायची. अशक्य म्हणजे एशर या डच चित्रकाराच्या चित्रांत असतात तशा: जिना चढत चढत जावं आणि जिथून निघालो तिथेच पोचावं. इमारत फिरवली की तुटलेला पूल नुसत्या दिसण्यामुळे जोडला जातो आणि ती बया त्याच्यावरून चालतही जाते. दिसायला इतकं गोड की मी सूनबाईला हाका मारमारून दाखवत होते. पण दहा प्रकरणं दोन संध्याकाळी आटोपली, आणि डोक्याला ताण म्हणाल तर शेंगा सोलताना पडतो तेवढाच. कोडं म्हणून कमी, चित्रांचं प्रदर्शन म्हणून पैकीच्या पैकी. त्याच वर्षी त्यांनी आणखी प्रकरणं काढून त्याचे वेगळे पैसे मागितले तर लोक म्हणे चिडले आणि एकेक तारा देऊन मोकळे झाले. चार पैसे जादा मागितले म्हणून कारागिरावर चिडायचं, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

दुसरा ‘ब्रेड’. खायचा नव्हे, वेणी या अर्थाचा. जोनाथन ब्लो या अमेरिकन गृहस्थांनी साधारण दोन लाख डॉलर पदरचे घालून केलेला, २००८ सालचा. त्र्याण्णव गुणवाला तो हाच. कोट-टाय घातलेला टिम नावाचा एक माणूस राजकन्येला शोधायला निघालाय. उड्या मारायच्या, शिड्या चढायच्या आणि चित्राचे तुकडे गोळा करायचे. पाच जगं, प्रत्येकात बारा तुकडे. गंमत अशी की चुकलं, खड्ड्यात पडलं, की एक कळ दाबून वेळ मागे न्यायची. पडलेला टिम उलटा वर येतो, संगीतही उलटं वाजतं. पुढच्या जगात काही वस्तू अशा निघतात की वेळ मागे नेली तरी त्या मागे जात नाहीत. त्याच्या पुढच्या जगात तुम्ही उजवीकडे चाललात तर वेळ पुढे जाते, डावीकडे चाललात तर मागे. म्हणजे थांबलात की सगळं जगच थांबलं! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अंथरुणात ताठ बसले होते.

पण उड्या मारायला माझी बोटं चालेनात. संधिवात आणि वेळेवर उडी या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. मग आम्ही वाटणी केली. मी सांगायची, त्याने उड्या मारायच्या. दुपारी मधल्या खोलीतून “आता मागे! मागे ने वेळ! थांब, किल्ली सोडू नकोस!” असं ओरडणं ऐकून हे दारात येऊन बघून जायचे. कोडी अस्सल आहेत. एकही भरतीचं नाही, तेच ते उगाळलेलं नाही. पण प्रत्येक जगाच्या आधी पुस्तकं मांडून ठेवलीत आणि त्यात टिमच्या मनातलं लिहिलंय. ते मी शब्दकोश घेऊन नेटाने वाचलं. दहावीच्या हुशार मुलाने पहिल्यांदा प्रेमात पडल्यावर निबंधाच्या वहीत लिहावं तसं आहे. शेवटी तर अणुबाँबपर्यंत गाडी जाते. मात्र शेवटचा प्रसंग (इथे गुपित फोडते, खेळणार असाल तर पुढचं वाक्य सोडा) आधी दिसतो तेव्हा राजकन्या एका सरदारापासून पळत टिमला वाट करून देताना दिसते, आणि तोच प्रसंग वेळेच्या दुसऱ्या दिशेने चालला की कळतं, ती टिमपासूनच पळत होती. एक अक्षर न लिहिता जे सांगितलं, ते त्या सगळ्या पुस्तकांत मिळून नाही. कोडी सोनं, गद्य कथील.

तिसऱ्याचं नाव ‘बाबा इज यू’. नाव ऐकून हे म्हणाले, “आता बाबांनाही खेळात ओढलं का!” इथला बाबा म्हणजे सशासारखा दिसणारा एक पांढरा प्राणी. फिनलंडच्या आर्वी टेइकारी या तरुणाने २०१७ साली नॉर्डिक गेम जॅम या झटपट खेळ बनवायच्या स्पर्धेत याची पहिली आवृत्ती केली, ती जिंकली आणि २०१९ साली मोठा खेळ आणला. व्याकरण शिकवणाऱ्या बाईसाठीच बनवलाय की काय असं वाटावं! पटावर वस्तू असतात आणि शब्दांचे ठोकळेही असतात. ‘बाबा इज यू’, ‘वॉल इज स्टॉप’, ‘फ्लॅग इज विन’ अशी वाक्यं मांडलेली असतात आणि ती वाक्यं म्हणजेच त्या जगाचे नियम. शब्द ढकलता येतात. ‘वॉल इज स्टॉप’ मधला एक ठोकळा सरकवला की वाक्य मोडलं, आणि भिंतीतून खुशाल आरपार जा. ‘फ्लॅग’च्या जागी ‘वॉल’ आणून बसवलं की भिंतीला हात लावून जिंकलात. ‘बाबा इज यू’ हेच चुकून मोडलं तर मग जगात तुम्हीच नाही. सगळं स्तब्ध. पहिल्यांदा झालं तेव्हा जरा चमकायला झालं बरं का.

सुरुवातीच्याच एका कोड्यात मी चारी बाजूंनी भिंतीत कोंडलेली होते. दहा मिनिटं शब्द इकडे ढकल, तिकडे ढकल. शेवटी नीट वाचलं तर ‘भिंत अडवते’ असं वाक्यच कुठे पटावर नव्हतं. सरळ चालत बाहेर जाता येत होतं! आयुष्यभर पोरांना सांगितलं, आधी प्रश्न नीट वाचा. आणि बाईंनीच वाचला नव्हता.

यावर एक शंका डोक्यात घोळते आहे. हा खेळ मराठीत झाला असता का? इंग्रजीत शब्दाची जागा बदलली की अर्थ बदलला. आपल्याकडे ‘रामाने रावणाला मारले’ म्हणा की ‘रावणाला रामाने मारले’ म्हणा, मेला रावणच. सगळं विभक्तीच्या प्रत्ययात. आणि हा खेळ काढणाऱ्याच्या फिनिश भाषेत तर म्हणे पंधरा विभक्ती आहेत! आठ शिकवताना माझा घसा बसायचा. आपल्या भाषेत जे जमणार नाही ते त्याने परक्या भाषेच्या साधेपणात शोधलं, असं मला आपलं वाटतं. पुढे हा खेळ भयंकर अवघड होतो. दोनशेच्या वर कोडी आहेत, माझी एकेचाळीस झाली. पण एक सोय आहे, एका भागातली सगळी सुटली नाहीत तरी पुढे जाता येतं. गाजावाजा खरा. अजून रोज एखादं घेऊन बसते. फक्त गोष्ट नाही, ओलावा नाही, भूमितीचं पुस्तक असतं तसा हा खेळ आहे. असो.

आता चौथा. खरं तर सगळं लिहायला घेतलं ते याच्यासाठी.

‘द विटनेस’. पुन्हा तेच ब्लो. ‘ब्रेड’मधून मिळालेले पैसे यात ओतून सात-आठ वर्षं खपून २०१६ साली आणलेला. एक निर्मनुष्य बेट. झाडं, ओढे, पडके वाडे, वाळवंट, आणि जागोजागी लावलेल्या पाट्या. (नातू ‘पॅनल’ म्हणतो, मी पाटीच म्हणते.) प्रत्येक पाटीवर एक जाळं. गोल ठिपक्यापासून सुरू करून शेवटापर्यंत एक रेघ ओढायची. बस्स, एवढंच. पाचशेच्या वर पाट्या, आणि कोडं कसं सोडवायचं हे सांगणारा एक शब्द नाही. पहिली पाटी म्हणजे सरळ आडवी रेघ. दुसरी एक वळण. मग जाळं. मग काळे पांढरे चौकोन येतात, त्याचा नियम कुणी सांगत नाही, पण ओळीने पाट्या अशा लावल्यात की पहिलीत चूक होऊच शकत नाही, दुसरीत तुमचा अंदाज बरोबर येतो, तिसरीत तोच अंदाज कोसळतो आणि चौथीत खरा नियम कळतो.

मी हे पाहून गप्पच झाले. पाठाचं टाचण काढायला आम्हांला बी.एड.ला शिकवलं होतं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून अवघडाकडे. टाचणं शेकड्यांनी काढली. पण खरं सांगू? वर्गात मी तिसऱ्या पाटीपाशी थांबायची नाही. मुलाचा अंदाज कोसळला की मीच घाईने उत्तर सांगून टाकायची. अभ्यासक्रम पुरा करायचा असायचा ना. हा बाबा थांबतो. तासभर थांबतो. तुम्ही झोपून उठून आलात तरी पाटी तिथेच.

सफरचंदाची बाग आहे. पाटीवर झाडाच्या फांद्यांसारखं जाळं आणि पाटीमागे खरं झाड. पाटीतून मान वर करून झाडावर फळ कुठल्या फांदीला लागलंय ते बघायचं आणि त्या फांदीपर्यंत रेघ न्यायची. एका झाडाची फळाची फांदीच मोडून खाली पडलेली, ती कुठली ते ओळखायचं. वाळवंटातल्या पाट्या नुसत्या कोऱ्या दिसतात. तिरपं उभं राहिलं की उन्हाच्या चकाकीत वाट दिसते. आमच्या वर्गात दुपारी फळ्यावर खिडकीतून तिरीप यायची आणि डाव्या बाजूची पोरं “बाई, दिसत नाही” म्हणून कालवा करायची. इथे ती तिरीप हेच उत्तर. मी इतकी खूश झाले की चहा गार झाला.

डोंगरावर गेल्यावर जे दिसतं ते मात्र मी सांगणार नाही. एवढंच सांगते, तेव्हापासून मला स्वयंपाकघरात पळी टांगलेली दिसली तरी बोट शिवशिवतं. ज्यांनी खेळलाय त्यांना कळेल.

आणि मग आलं जंगल.

बांबूचं बन आहे, त्यात पाट्या. जाळं अगदी साधं. वाट कुठली ते कळायला कसलीच खूण नाही. मी झाडं बघितली. सावल्या बघितल्या. बांबूची पेरं मोजली. तिरपी उभी राहिले, पाठमोरी झाले. तीन दिवस. माझा स्वभाव चिवट आहे, उत्तर विचारायचं नाही असं ठरवलेलं. पण चौथ्या दिवशी हरले आणि नातवाला म्हटलं, “अरे, या पाट्यांत खोट आहे. काही खूणच दिली नाहीये. हा तुझा ब्लो इथे लबाडी करतोय.”

तो माझ्या शेजारी बसला. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “आजी, पक्षी.”

“कुठेत पक्षी?”

“दिसत नाहीयेत. ओरडताहेत. वरचा सूर, खालचा सूर, मधला सूर. तसं वर-खाली जायचं.”

मी म्हटलं, आवाज बंद असेल. त्याने आवाज वाढवला. मला पानांची सळसळ ऐकू आली, पाण्याचा आवाज आला. पक्षी नाही. त्याने आणखी वाढवला. शेजारच्या खोलीतून हे ओरडले, “अरे, काय ती किलबिल! कमी करा!”

किलबिल त्यांना तिकडे ऐकू येत होती.

घरात टीव्हीवरून वाद होतेच. मी आवाज वाढवते, हे कमी करतात. सूनबाई तोंडातल्या तोंडात बोलते असं माझं ठाम मत होतं, ते मी एकदोनदा तिला बोलूनही दाखवलं होतं. फोनवर नाशिकच्या वन्संचं अर्धं बोलणं मी अंदाजाने पुरं करते (वन्सं, रागावू नका). पण हे सगळं दुसऱ्यांच्या खात्यावर जमा होतं. या खेळात समोर दुसरं कुणी नव्हतंच.

कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, बारीक टूं टूं वाजलं की बटण दाबायचं. मला बराच वेळ वाटत होतं अजून सुरूच केलेलं नाही. नंतर तिथल्या मुलीने आलेख दाखवला. डावीकडे बरा, उजवीकडे घसरगुंडी. वयोमानाने आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, कानाच्या आतल्या शंखातल्या त्या पट्टीच्या पेशी आधी झिजतात, असं तिने समजावलं. मग म्हणाली, “आजी, तुम्हांला माणसं बोलतात ते ऐकू येतं, पण कळत नाही, असं होतं का? स, श, फ, थ ही अक्षरं आधी जातात. आ, ओ वगैरे राहतात.”

म्हणजे व्यंजनं जातात आणि स्वर राहतात. छत्तीस वर्षं वर्णमाला शिकवली, आणि हे मला पंचविशीतल्या मुलीने सांगितलं.

त्या रात्री झोप लागली नाही, पण ती स्वतःच्या कानांमुळे नव्हे.

१९८६ सालची सातवी ब. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. नाव लिहीत नाही, तो आता पन्नाशीत असेल, त्याची मुलंबाळं असतील. काही विचारलं की उभा राहून म्हणायचा, “काय बाई?” परत सांगितलं की परत, “काय बाई?” वर्ग हसायचा. मला वाटायचं, हा मुद्दाम करतो. वर्गाला हसवण्यासाठी करतो. दोनतीनदा सांगूनही हेच, तेव्हा मी त्याला वर्गाबाहेर दाराशी उभं केलं. एकदा नाही, पुष्कळदा. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी शेरा लिहिला होता, ‘वर्गात लक्ष देत नाही’. माझ्या वळणदार अक्षरात. अक्षराचं फार कौतुक होतं माझ्या.

त्याचं श्रुतलेखन भयंकर असायचं. ‘श’चा ‘स’, ‘थ’चा ‘त’, शब्दाचं शेवटचं अक्षरच गायब. मी म्हणायची, घरची बोली अशुद्ध, आणखी काय होणार! आणि त्याच मुलाची फळ्यावरून उतरवून घेतलेली वही स्वच्छ. एक काना-मात्रा चुकायची नाही. दोन्ही वह्या मीच तपासायची. एकाच दिवशी, एकाच लाल पेनाने. ऐकून लिहिलं की चूक, बघून लिहिलं की बरोबर. इतकी साधी पाटी होती ती. खूण समोर होती.

त्याला खरंच कमी ऐकू यायचं का, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तेव्हा कुणी तपासलं नाही. मी तर नाहीच. आठवीत त्याने शाळा सोडली. बाजारपेठेत कुणाच्या तरी दुकानात लागला असं पुढे कानावर आलं होतं. इथले आमचे जुने विद्यार्थी हे वाचतात, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ज्याला कळेल त्याने मला फोन करू नये, घरी यावं. फोनवर मला नीट ऐकू येत नाही.

खेळाबद्दल लिहिता लिहिता हे काय काढलं, असं काहींना वाटेल. पण मला खेळाचा पेपर तपासायचाय तो याच मुद्द्यावर. ‘द विटनेस’चं सगळे कौतुक करतात ते असं की, तो सांगत नाही, दाखवतो, सगळं समोर असतं, फक्त नीट बघायचं. हे खरं आहे आणि अर्धंच खरं आहे. ज्याला दिसतं आणि ज्याला ऐकू येतं, त्याच्याच समोर सगळं असतं. पुढे रंगांवरच्या पाट्याही आहेत. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून निभावलं, नाहीतर हिरवा कुठला आणि निळा कुठला यात आणखी तीन दिवस गेले असते. या खेळाची परीक्षणं नातवाने मला वाचून दाखवली (मोठ्याने, आता सवय झालीय त्याला), त्यात ‘जंगल कंटाळवाणं’ असं म्हणणारे भेटले, पण जंगल मुळात ऐकूच येत नसेल तर काय, हा प्रश्न त्यातल्या एकानेही काढला नव्हता. सगळे तरुण कानांचे असावेत.

न्यायाने हेही सांगायला हवं की ब्लोंनी एक दार उघडं ठेवलंय. बेटावर अकरा ठिकाणं सोडवायची आहेत आणि शेवटचा डोंगर उघडायला त्यातली सात पुरतात. जंगल सोडून दिलं तरी शेवट गाठता येतो. माझ्या वर्गात सातावर पास करण्याची सोय नव्हती. हां, शेवट गाठून फार काही हाती लागतं असं नाही. तुम्हांला बेटावरून उडवत नेतात, तुम्ही सोडवलेलं एकेक बंद होत जातं आणि सुरुवातीच्या अंधाऱ्या बोळात आणून सोडतात. मधे मधे शास्त्रज्ञांची, संतांची, तत्त्वज्ञांची लांबलचक वचनं ऐकायला ठेवलीत, ती म्हणजे ‘ब्रेड’मधल्या पुस्तकांचाच पुढचा अवतार. (त्यांना खाली अक्षरं येतात, ती मी वाचली. पक्ष्यांना येत नाहीत.) या माणसाला गप्प बसून शिकवता येतं आणि बोलायला लागला की बिघडतं. मला हे खटकलं त्याचं कारण बहुतेक तुमच्या लक्षात आलंच असेल. सत्याऐंशी गुण दिलेत म्हणे समीक्षकांनी. पाट्यांना मी नव्वद देईन, आयुष्यात पहिल्यांदा. वचनांचे आणि शेवटाचे कापून घेईन.

दिवाळीनंतर दोन्ही कानांना यंत्रं बसवली. पहिले चार दिवस वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कागद फाटल्यासारखं वाटायचं, आणि भांड्यांचा आवाज तर विचारू नका. सूनबाई तोंडातल्या तोंडात बोलत नाही, हे तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, “आई, जाऊ द्या हो.” पण दोन दिवस जरा जास्तच हळू बोलत होती, बघायला.

मग एका दुपारी घरात कुणी नसताना जंगलात परत गेले. पक्षी ओरडत होते. सगळीकडे. तीन दिवस मी ज्या पाटीसमोर उभी होते तिथे डोक्यावरच एक बसलेला असणार, अविरत ओरडत होता. वरचा, खालचा, वरचा. पहिली पाटी सुटली. दुसरीही सुटली. पुढे मधला सूर आणि खालचा सूर यांत माझा घोटाळा होतो, यंत्रातून सूर जरा पत्र्यासारखा येतो. हार्मोनियम घेऊन बसले. होय, खरंच. पक्ष्याचा सूर पेटीवर शोधायचा आणि मग रेघ ओढायची. याला कॉपी म्हणायचं का, यावर नातवाशी फोनवर वाद झाला. तो म्हणतो, चालतं.

अजून दोन पाट्या राहिल्यात. रविवारी तो येणार आहे. शेजारी बसायला परवानगी दिलीय, पण बजावून ठेवलंय, उत्तर सांगायचं नाही.